बाजाराची प्रयोगशाळा

आठवड्याच्या बाजाराला सकाळी सुरुवात होते, तेव्हा एकाच भाजीचे चार ठिकाणी चार भाव ऐकू येतात. एक विक्रेता मेथीच्या जुडीला वीस रुपये सांगतो, दुसरा पंधरा. गिऱ्हाईक दहा रुपयांवर अडून बसते. ऊन चढू लागते, घासाघीस वाढते आणि हे भाव हळूहळू एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. दुपारपर्यंत साऱ्या बाजारात त्या भाजीचा जवळजवळ एकच भाव होऊन बसतो. तो ठरविण्यासाठी कोणी सभा भरविलेली नसते, की कोणी हुकूम काढलेला नसतो. मग हा भाव ठरवितो तरी कोण?

हा प्रश्न फार जुना आहे. स्कॉटलंडमधील विचारवंत ॲडम स्मिथ ह्याने इ. स. १७७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे सुचविले, की जो तो आपापले हित पाहत असतानाही, जणू एखाद्या अदृश्य हाताने, समाजाचेही हित साधले जाते. पुढील अर्थशास्त्रज्ञांनी मागणी आणि पुरवठा ह्यांचा सिद्धान्त मांडला. किंमत वाढली की विकणारे वाढतात आणि घेणारे घटतात. किंमत उतरली की ह्याच्या उलट घडते. ज्या किमतीला घेणारे आणि विकणारे सारखे होतात, तेथे बाजार स्थिरावतो. फळ्यावर दोन रेषा काढून हा सिद्धान्त विद्यार्थ्यांना शिकविण्यात येई. पण त्या रेषा ज्या बिंदूत एकमेकींना छेदतात, तेथेच बाजार खरोखर जाऊन पोहोचतो काय, हे तपासून कोणी पाहिले होते?

रसायनशास्त्रज्ञ परीक्षानळीत दोन द्रव्ये मिसळून काय होते ते पाहतो. वनस्पतिशास्त्रज्ञ एक रोप उन्हात व दुसरे सावलीत ठेवून त्यांची वाढ मोजतो. अर्थशास्त्रज्ञाला मात्र अशी प्रयोगशाळा लाभणे शक्य नाही, अशीच विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक विद्वानांची समजूत होती. बाजार म्हणजे काही परीक्षानळी नव्हे; त्यात हजारो माणसे, हजारो वस्तू आणि हजारो कारणे एकाच वेळी गुंतलेली असतात. त्यांतले एक कारण वेगळे काढून कसे तपासावे? ही समजूत ज्यांनी खोटी ठरविली, त्यांत अमेरिकेतील प्राध्यापक व्हर्नन स्मिथ ह्यांचे नाव अग्रभागी आहे. ॲडम स्मिथशी त्यांचे नाते केवळ आडनावाचे. परंतु त्याने उपस्थित केलेल्या प्रश्नाला त्यांनी आपले सारे आयुष्य वाहिले.

व्हर्नन स्मिथ ह्यांचा जन्म १ जानेवारी १९२७ रोजी कॅन्सस राज्यातील विचिटा ह्या शहरी झाला. त्यांचे वडील यंत्रांवर काम करणारे कुशल कारागीर होते. व्हर्नन अवघा दोन वर्षांचा असताना, १९२९ मध्ये, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव कोसळले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत साऱ्या जगावर मंदीची छाया पसरली. अमेरिकेत कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या, लाखो लोक बेकार झाले. १९३२ मध्ये व्हर्ननच्या वडिलांचीही नोकरी गेली. निदान पोटापुरते अन्न तरी पिकविता येईल, ह्या आशेने हे कुटुंब शेतावर राहावयास गेले. तेथील शाळेत एकच खोली आणि एकच शिक्षिका होती. सर्व इयत्तांची मुले त्या एकाच खोलीत बसून शिकत. तो काळ शेतकऱ्यांना फार कठीण गेला. शेतमालाच्या किमती इतक्या उतरल्या होत्या, की अनेकांना कर्जाचे हप्ते भरणे अशक्य झाले. १९३४ मध्ये स्मिथ कुटुंबाचे शेतही गहाणापोटी बँकेने ताब्यात घेतले आणि ही मंडळी पुन्हा शहरात परतली. त्या वेळी व्हर्नन सात वर्षांचा होता. किंमत हा केवळ पाटीवर लिहावयाचा आकडा नव्हे, तिच्यावर माणसांचे घरदार उभे असते, हे ह्या मुलाने फार लहानपणी पाहिले.

पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातील एका नामांकित तंत्रशास्त्र संस्थेत विद्युत्‌ अभियांत्रिकीचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये पदवी मिळविली. शेवटच्या वर्षी सहज म्हणून त्यांनी अर्थशास्त्राचा एक पाठ्यक्रम घेतला आणि त्या विषयाने त्यांच्या मनाची जी पकड घेतली, ती कायमचीच. विजेची यंत्रे बाजूला ठेवून ते अर्थशास्त्राकडे वळले. १९५२ मध्ये कॅन्सस विद्यापीठाची आणि १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते प्राध्यापक झाले. मात्र अभियंत्याची एक सवय त्यांच्या अंगी कायम राहिली. यंत्राचा आराखडा कागदावर कितीही सुबक दिसला, तरी ते यंत्र प्रत्यक्ष चालवून पाहिल्यावाचून अभियंता त्यावर विश्वास ठेवीत नाही.

हार्वर्डला असताना स्मिथ ह्यांनी एक वेगळा पाठ अनुभवला होता. तेथील प्राध्यापक एडवर्ड चेंबरलिन हे विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वाटीत. काही विद्यार्थी खरेदीदार होत, काही विक्रेते. मग विद्यार्थ्यांनी खोलीत हिंडावे, जो भेटेल त्याच्याशी घासाघीस करावी आणि सौदा जुळला की त्याची किंमत सांगावी, अशी योजना असे. अशा खेळात ठरलेल्या किमती सिद्धान्ताने सांगितलेल्या किमतीशी जुळत नसत. त्यावरून परिपूर्ण स्पर्धेचा सिद्धान्त वस्तुस्थितीला धरून नाही, असे चेंबरलिन ह्यांचे मत झाले. १९४८ मध्ये त्यांनी ह्याविषयी एक निबंधही प्रसिद्ध केला. स्मिथ ह्यांनी त्या वेळी ह्या खेळाकडे फारसे लक्ष दिले नाही.

१९५५ साली स्मिथ इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात शिकवू लागले. त्याच वर्षी शरद ऋतूतील एका रात्री त्यांना काही केल्या झोप येईना. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या मनात चेंबरलिन ह्यांच्या खेळाचा विचार घोळू लागला. कल्पना तर उत्तम होती. पण सिद्धान्ताची ती परीक्षा न्याय्य होती काय? विद्यार्थी कोपऱ्याकोपऱ्यांत दोघे दोघे मिळून सौदे करीत होते. पलीकडच्या कोपऱ्यात काय बोली चालली आहे, ह्याची त्यांना वार्ताच नव्हती. शिवाय खेळ एकदाच होई. त्यामुळे झालेल्या चुकीपासून शिकण्यास कोणाला संधी मिळत नसे.

पूर्वी आपल्याकडील काही बाजारपेठांत दलाल आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही आपल्याच मालाला काय भाव मिळतो आहे, ते कळत नसे. ह्याच्या उलट, उघड लिलावात प्रत्येक बोली सर्वांच्या कानांवर पडते. स्मिथ ह्यांनी आपल्या प्रयोगासाठी ही दुसरी रीत निवडली. खरेदीदारांनी आपली बोली मोठ्याने पुकारावी, विक्रेत्यांनीही आपली मागणी मोठ्याने सांगावी आणि कोणाला दुसऱ्याची किंमत पटली तर तेथल्या तेथे सौदा पुरा व्हावा. हा एक बदल झाला. दुसरा बदल असा, की एकदा बाजार उठला म्हणजे खेळ संपला असे न करता, त्याच चिठ्ठ्यांनिशी तो पुनःपुन्हा भरवावयाचा.

जानेवारी १९५६ मध्ये स्मिथ ह्यांनी आपल्या वर्गात हा बाजार भरविला. त्यांच्या पहिल्या प्रयोगात अकरा खरेदीदार आणि अकरा विक्रेते होते. प्रत्येक खरेदीदाराच्या चिठ्ठीवर, त्याने जास्तीत जास्त किती किंमत द्यावी, तो आकडा होता. पहिल्याचा आकडा सव्वातीन डॉलर, दुसऱ्याचा तीन डॉलर, असे पाव डॉलरने उतरत जाऊन शेवटच्याचा आकडा पाऊण डॉलर होता. विक्रेत्यांच्या चिठ्ठ्यांवर, त्यांनी कमीत कमी किती किंमत घ्यावी, ते आकडे होते. तेही पाऊण डॉलरपासून सव्वातीन डॉलरपर्यंत चढत गेले होते. ज्या खरेदीदाराची मर्यादा तीन डॉलर आहे, त्याला वस्तू दोन डॉलरला मिळाली तर एक डॉलरचा फायदा झाला, असे समजावयाचे. प्रत्येकाने आपली चिठ्ठी गुप्त ठेवावयाची होती. इतरांच्या चिठ्ठ्यांवर काय आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

ह्या बाजारात सिद्धान्ताप्रमाणे कोणती किंमत यावयास हवी? किंमत तीन डॉलर असेल, तर दहा विक्रेते विकावयास तयार होतील, पण खरेदीदार दोनच मिळतील. किंमत एक डॉलर असेल, तर खरेदीदार दहा आणि विक्रेते दोन. दोन डॉलरला मात्र सहा घेणारे आणि सहा विकणारे, असा नेमका मेळ बसतो. म्हणजे सिद्धान्ताचे उत्तर दोन डॉलर हे होते. ते केवळ प्राध्यापकांना माहीत होते. वर्गातील एकाही विद्यार्थ्याला त्याची कल्पना नव्हती.

बाजार सुरू झाला. बोलीवर बोली चढू लागल्या, मागण्या खाली येऊ लागल्या, सौदे होऊ लागले. पहिल्या फेरीत सरासरी किंमत एक डॉलर ऐंशी सेंट आली. दुसऱ्या फेरीत ती थोडी चढली. तिसऱ्या फेरीपासून ती दोन डॉलरच्या इतकी जवळ आली, की अंतर उरले ते अवघ्या दोन-तीन सेंटांचे. पुढील फेऱ्यांतही ती तेथेच टिकून राहिली. ज्यांना आपल्या हातातील एका आकड्यापलीकडे काहीही माहीत नव्हते, त्या बावीस जणांनी मिळून सिद्धान्ताचे उत्तर शोधून काढले होते. आणि आपण काही शोधले आहे, हे त्यांना कळलेही नव्हते!

ह्या निकालाने सर्वांत अधिक चकित झाले ते स्वतः स्मिथच. तरुणपणी त्यांचा ओढा समाजवादी विचारांकडे होता. बाजार सिद्धान्ताप्रमाणे इतका बिनचूक चालेल, अशी त्यांची मुळीच अपेक्षा नव्हती. प्रयोगाचे उत्तर आपल्या अपेक्षेविरुद्ध आले म्हणजे माणसाची खरी कसोटी लागते. काही जण ते उत्तर दडवून ठेवतात, काही जण त्यातून सोयीचा तेवढा भाग उचलतात. स्मिथ ह्यांनी ह्यांपैकी काहीच केले नाही. हा केवळ योगायोग असेल, असे त्यांना वाटले. घेणाऱ्यांचे आणि विकणाऱ्यांचे आकडे सारख्या प्रमाणात चढत-उतरत असल्यामुळे असे घडले असेल काय? म्हणून दुसऱ्या वर्गात त्यांनी आकड्यांची मांडणी बदलली आणि पुन्हा बाजार भरविला. उत्तर पुन्हा सिद्धान्ताच्या जवळच आले. निरनिराळे विद्यार्थी, निरनिराळ्या चिठ्ठ्या, निरनिराळे नियम घेऊन त्यांनी वर्षानुवर्षे हे प्रयोग चालू ठेवले. पहिल्या प्रयोगानंतर सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

ह्या निबंधाने एकदम क्रांती झाली, असे मात्र नाही. वर्गातील मुलांच्या खेळावरून खऱ्या बाजाराविषयी काय कळणार, अशी शंका अनेकांच्या मनात होती. ही शंका रास्त होती. खेळात कोणी तोट्याची पर्वा का करावी? म्हणून पुढील प्रयोगांत विद्यार्थ्याला जितका फायदा होई तितके पैसे खरोखरच त्याच्या हाती पडतील, अशी व्यवस्था स्मिथ ह्यांनी केली. पैसे खरे झाले, तसे निर्णयही खरे झाले. प्रयोग कसा रचावा आणि त्यात मोबदला कसा द्यावा, ह्याचे नियम त्यांनी १९७६ मधील एका निबंधात मांडले. १९७५ पासून पुढे सव्वीस वर्षे ते ॲरिझोना विद्यापीठात होते. तेथे संगणकांनी सज्ज अशी अर्थशास्त्राची प्रयोगशाळाच उभी राहिली.

आतापर्यंतच्या प्रयोगांनी बाजाराची बाजू उचलून धरली होती. तेवढ्यावरच स्मिथ थांबले असते, तर बाजार नेहमीच बिनचूक असतो, असे त्यांच्या नावाने सांगता आले असते. पण ते थांबले नाहीत. १९८८ मध्ये त्यांनी गेरी सुखानेक आणि आर्लिंग्टन विल्यम्स ह्या सहकाऱ्यांसह एका वेगळ्या बाजाराचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ह्या बाजारातील वस्तू खाऊन किंवा वापरून संपणारी नव्हती. ती विकत घेऊन पुन्हा विकता येत असे.

ही वस्तू कशी होती, हे एका झाडाच्या उदाहरणाने समजेल. एक झाड पंधरा हंगाम फळे देऊन नंतर वठून जाणार आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक हंगामात त्यापासून सरासरी चोवीस पैशांचे उत्पन्न येते. तर आज त्या झाडाचे मोल किती? पंधरा गुणिले चोवीस, म्हणजे तीन रुपये साठ पैसे. एक हंगाम संपला की मोल चोवीस पैशांनी उतरणार आणि शेवटच्या हंगामानंतर ते शून्य होणार. प्रयोगातील रोख्याचे गणित अगदी असेच होते. पैशांऐवजी सेंट होते, इतकेच. तो रोखा पंधरा फेऱ्या चालणार होता, दर फेरीला त्यावर सरासरी चोवीस सेंट लाभांश मिळणार होता आणि ही गोष्ट सर्वांना अगोदरच स्पष्ट सांगितलेली होती. लपविलेले असे काहीच नव्हते.

तरीही घडले ते विलक्षण होते. रोख्याचे मोल फेरीगणिक उतरत होते. किंमत मात्र चढत चालली. पाहता पाहता ती खऱ्या मोलाच्या कितीतरी वर गेली. वस्तूचे मोल किती, हा विचार मागे पडला. आपण महाग घेतले तरी आपल्यापेक्षा महाग घेणारा कोणी तरी पुढे भेटेलच, ह्या आशेवर लोक खरेदी करीत राहिले. मग शेवटच्या फेऱ्या जवळ आल्या, घेणारे एकाएकी नाहीसे झाले आणि पाण्यावरचा बुडबुडा फुटावा तशी किंमत कोसळली. त्याच मंडळींना पुन्हा बोलावून हाच बाजार भरविला, तेव्हा बुडबुडा लहान झाला. आणखी अनुभव मिळाल्यावर तो जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे माणसे शिकतात. पण बहुधा पोळल्यावर शिकतात.

एकाच संशोधकाने बाजाराला दोन प्रश्न विचारले आणि त्यांची दोन निरनिराळी उत्तरे आली. भाजी, धान्य, कापड ह्यांसारख्या वापराच्या वस्तूंचा बाजार उघड नियमांखाली फार लवकर योग्य किमतीला येतो. जमीन, घरे, रोखे ह्यांसारख्या पुन्हा विकता येणाऱ्या वस्तूंचा बाजार मात्र स्वतःच्याच आशेने फुगतो आणि स्वतःच्याच भीतीने कोसळतो. पहिल्या प्रयोगात स्मिथ ह्यांना अपयशाची अपेक्षा होती, पण बाजार यशस्वी झाला. दुसऱ्यात सारी माहिती उघड असूनही तो फसला. दोन्ही उत्तरे त्यांनी सारख्याच प्रामाणिकपणे जगापुढे ठेवली.

ह्या प्रयोगांचा व्यवहारातही उपयोग झाला. नवे विमान आकाशात सोडण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासतात. एखाद्या नव्या बाजाराचे नियम लाखो लोकांवर लादण्यापूर्वी तेही असेच लहान प्रमाणावर तपासून का पाहू नयेत? विमान उतरविण्याच्या वेळा विमानकंपन्यांमध्ये कशा वाटाव्यात, वीज घाऊक प्रमाणावर कशी विकावी, अशा प्रश्नांवर स्मिथ व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रयोग केले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या देशांतील वीजव्यवस्थेच्या पुनर्रचनेतही स्मिथ ह्यांचा सल्ला घेण्यात आला.

इ. स. २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हर्नन स्मिथ आणि डॅनियल कानमन ह्या दोघांना मिळून देण्यात आले. कानमन हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. माणूस निर्णय घेताना नेहमीच काटेकोर हिशोब करीत नाही, हे त्यांनी एमॉस ट्‌वर्स्की ह्या आपल्या मित्राच्या साह्याने दाखवून दिले होते. शंभर रुपये सापडल्याने जितका आनंद होतो, त्याहून अधिक दुःख शंभर रुपये हरवल्याने होते. रुपये तेवढेच; पण मनाच्या तराजूत त्यांचे वजन सारखे भरत नाही. एकाने माणसाचे मन तपासले, दुसऱ्याने माणसांचा बाजार तपासला. आणि दोघांनीही अर्थशास्त्राला नुसते तर्क न करता प्रयोग करून पाहावयास शिकविले.

पारितोषिक मिळाले तेव्हा स्मिथ ह्यांचे वय पंचाहत्तर वर्षांचे होते. परंतु त्यांचे काम संपले नव्हते. २००८ च्या सुमारास अमेरिकेत घरांच्या किमती कोसळल्या आणि कर्जाचे हप्ते भरता न आल्यामुळे असंख्य कुटुंबांची घरे बँकांनी ताब्यात घेतली. असे का झाले असावे, ह्याचा शोध घेऊन, १९३० च्या सुमारास आलेल्या महामंदीशी त्याची तुलना करणारा ग्रंथ त्यांनी स्टीव्हन जेरस्टॅड ह्या सहकाऱ्यासह २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा त्यांचे वय सत्त्याऐंशी वर्षांचे होते. कर्जापायी घर गमावणे म्हणजे काय, हे त्यांनी सातव्या वर्षीच पाहिले होते.

मोठ्या शोधासाठी मोठी यंत्रेच लागतात, असे नाही. काही चिठ्ठ्या, एक फळा आणि वर्गातील बावीस विद्यार्थी एवढ्या सामग्रीवर एका शास्त्राला नवी दिशा मिळाली. त्यासाठी खरी गरज होती ती, सारे जण मानतात त्या गोष्टीलाही हे खरे आहे काय, असे विचारण्याची. आणि येणारे उत्तर आपल्या मनाजोगे नसले तरी ते मान्य करण्याची.